ज्याच्या नावाने मागितलं, तो सैनिक कुठे आहे?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात टँपा शहर आहे आणि त्या शहरात यबोर सिटी नावाचा जुना भाग. क्यूबा, स्पेन, इटलीहून आलेल्या कामगारांनी सिगार वळून वळून हा भाग वसवला. त्यातल्या एका सिगार कारखान्यासमोर, भाड्याच्या साध्याशा जोडघरात, बॉबी थॉम्प्सन नावाचा गृहस्थ राहत असे. 'यूएस नेव्ही व्हेटरन्स असोसिएशन' या माजी नौसैनिकांच्या संघटनेचा तो संचालक. आपण नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त झालो, असं तो सांगे. संघटनेच्या कागदांवर ४१ राज्यांतल्या शाखा होत्या, ६६ हजार सभासद होते आणि वॉशिंग्टनमध्ये मुख्यालय होतं. करमाफी होती. देशभर फोन जात होते आणि देणग्या येत होत्या.

२००९ मध्ये 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स'चे बातमीदार जेफ टेस्टरमन त्याच्या दाराशी गेले ते भलत्याच कामासाठी. एका स्थानिक लोकप्रतिनिधीच्या प्रचाराला देणग्या कोणी दिल्या, याची यादी ते तपासत होते आणि त्या यादीत थॉम्प्सनचं नाव होतं. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेचा प्रमुख अशा घरात का राहतो, हा साधा प्रश्न त्यांना पडला. मग ते आणि त्यांचे सहकारी जॉन मार्टिन यांनी जे काम केलं ते दिसायला अगदी रटाळ होतं. संघटनेच्या कागदांवर ऐंशीहून अधिक पदाधिकाऱ्यांची नावं होती. या दोघांनी एकेक नाव घेऊन तो माणूस शोधायला सुरुवात केली. मतदारयाद्या, मालमत्तेच्या नोंदी, नौदलाचं दप्तर, सगळीकडे. शाखांचे पत्ते पाहायला गेलं की भाड्याने घेतलेली टपालपेटी निघे. वॉशिंग्टनचं मुख्यालयही तसंच. शोधता शोधता पदाधिकाऱ्यांपैकी खरा हाडामांसाचा एकच माणूस सापडला, तो म्हणजे थॉम्प्सन. आणि नौदलाकडे त्याचीही नोंद नव्हती.

मार्च २०१० मध्ये ही लेखमाला छापून आली. जूनपर्यंत थॉम्प्सन गायब झाला होता.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते त्याचं पळून जाणं नाही. त्याआधीची कित्येक वर्षं त्याला पळावं लागलं नाही, ते करतं. जॉर्ज बुश, जॉन मॅकेन, कार्ल रोव्ह अशा अमेरिकी राजकारणातल्या बड्या मंडळींच्या शेजारी उभं राहून काढलेले फोटो त्याच्याकडे होते. तो राजकीय नेत्यांना सढळ हाताने देणग्या देई. व्हर्जिनियाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे धर्मादाय फसवणुकीवर ज्यांनी लक्ष ठेवायचं ते राज्याचे सर्वोच्च सरकारी वकील, यांच्या निवडणूक निधीत त्याचे पन्नास हजारांहून अधिक डॉलर आले होते. ती रक्कम पुढे खऱ्या माजी सैनिकांच्या कामाला देऊन टाकावी लागली. याच व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २०१० मध्ये माजी सैनिकांच्या काही संघटनांना नोंदणीतून सूट देणारा कायदा मंजूर केला. थॉम्प्सनला हा कायदा हवाच होता. कायद्याला पाठिंबा देणारे आमदार भ्रष्ट होते असं मी म्हणणार नाही. आपण सैनिकांसाठी चांगलं काही करतो आहोत, असंच त्यातल्या बहुतेकांना वाटलं असणार. सैनिकाचं नाव निघालं की आपण तपासणी सैल करतो आणि त्या सैलपणाला आदर म्हणतो. या माणसाने नेमकं तेवढंच हेरलं होतं.

३० एप्रिल २०१२ रोजी ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये यूएस मार्शलनी त्याला पकडलं. त्याच्याजवळ वेगवेगळ्या नावांची ओळखपत्रं होती आणि भाड्याने घेतलेल्या एका गाळ्यात ठेवलेल्या सुटकेसमध्ये सुमारे ९ लाख ८० हजार डॉलर रोख होते. स्वतःचं नाव सांगायला त्याने नकार दिला. बॉबी थॉम्प्सन हे नाव वॉशिंग्टन राज्यातल्या एका निरपराध माणसाचं होतं, चोरलेलं. तुरुंगात आहे तो माणूस कोण, हे कळायलाच काही महिने गेले. जुन्या फरारी आरोपींच्या यादीतला एक फोटो आणि लष्करी दप्तरातले बोटांचे ठसे जुळले तेव्हा उलगडा झाला. तो होता जॉन डोनाल्ड कोडी. हार्वर्डमधून १९७२ मध्ये कायद्याची पदवी घेतलेला, लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेला आणि ॲरिझोनात वकिली करताना अशिलांचे पैसे हडपल्याचा आरोप आल्यावर १९८४ पासून बेपत्ता असलेला माणूस. म्हणजे हा खरोखरच माजी सैनिक होता. ही गोष्ट वाचकाने विसरू नये. गणवेश कधीकाळी अंगावर होता, एवढ्याने आजच्या हिशेबाची हमी मिळत नाही.

ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये खटला चालला. आपण गुप्तचर खात्यासाठीच हे सारं करत होतो, असा बचाव मांडला गेला. ज्यूरीने तो मानला नाही. गोळा झालेली रक्कम सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार १० कोटी डॉलरच्या घरात होती आणि त्यातलं फारच थोडं माजी सैनिकांपर्यंत पोचलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला २८ वर्षांची शिक्षा आणि ६३ लाख डॉलरचा दंड झाला. शिवाय दरवर्षी ११ नोव्हेंबरला, म्हणजे तिथल्या माजी सैनिक दिनी, त्याला एकांत कोठडीत ठेवावं असा आदेशही न्यायाधीशांनी दिला. अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि शिक्षाही थोडी कमी झाली. न्यायाधीशांचा संताप मला समजतो. पण त्या एकांताने एकाही निराधार नौसैनिकाच्या घरी काही पोचलं नसतं.

कोडीसारखा माणूस विरळा. तो पकडला गेला की वाचणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, कारण तो सरळसरळ लबाड होता. खरी गुंतागुंत आहे ती नोंदणी असलेल्या, कार्यालय असलेल्या, वर्षाचा हिशेब वेळेवर भरणाऱ्या संस्थांची.

इलिनॉय राज्यात 'व्हिएतनाऊ' ही व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची संस्था होती. तिने देणग्या गोळा करण्याचं काम एका टेलिफोन विक्री कंपनीला दिलं. करार असा, की शंभर डॉलर आले तर ८५ कंपनीचे, १५ संस्थेचे. १९८७ ते १९९५ या काळात सुमारे ७१ लाख डॉलर आले, त्यातले ६० लाखांच्या आसपास कंपनीने ठेवले. आता यात चोरी कुठे आहे? करार दोघांच्या संमतीचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० पासून तीन निकालांत सांगितलं होतं, की देणगी मागणं हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे आणि खर्चाचं प्रमाण अमुक टक्क्यांच्या वर गेलं म्हणून सरकार ती मागणी थांबवू शकत नाही. नवी संस्था, लोकांना न आवडणाऱ्या विषयावर काम करणारी संस्था, यांना पैसा उभा करायला जास्त खर्च येतो हे खरंच आहे, त्यामुळे त्या निकालांमागचं तर्कशास्त्र चुकीचं म्हणवत नाही.

पण व्हिएतनाऊच्या देणगीदारांनी शपथेवर काही वेगळंच सांगितलं. फोनवर एका बाईंनी विचारलं होतं, की यातलं सैनिकांना किती जातं? उत्तर मिळालं, नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त. दुसऱ्या कोणाला सांगितलं गेलं, की इथे सगळे स्वयंसेवक आहेत, पगाराचा खर्चच नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: खर्च जास्त आहे हा गुन्हा नाही, पण देणगीदाराची दिशाभूल करण्यासाठी खोटं सांगितलं तर राज्याला फसवणुकीचा खटला भरता येईल. या निकालाने देणगीदाराच्या तोंडच्या प्रश्नाला कायद्याचं वजन मिळालं. विचारलंच नसतं तर खोटं उत्तर नसतं, आणि खोटं उत्तर नसतं तर खटला उभा राहणं फार अवघड होतं. मला या सबंध विषयात याहून महत्त्वाची गोष्ट सापडलेली नाही. व्हिएतनाऊ पुढेही चालत राहिली आणि अनेक राज्यांनी मिळून केलेल्या कारवाईनंतर २०१७ मध्ये बंद झाली.

या धंद्याचा पसारा किती असतो ते २०२१ मध्ये दिसलं. मिशिगनमधल्या एका टेलिफोन कंपनीविरुद्ध केंद्रीय व्यापार आयोग आणि ३८ राज्यांतल्या यंत्रणा एकत्र आल्या. आरोप होता, की या कंपनीने ६ कोटी ७० लाख लोकांना १३० कोटी फोन केले आणि सैनिक, अग्निशामक, कर्करुग्ण स्त्रिया, आजारी मुलं अशा नावांवर ११ कोटी डॉलर मिळवले. डॉलरमागे नव्वद सेंटपर्यंत रक्कम मागणाऱ्यांच्याच खिशात गेली. यातल्या बऱ्याच फोनवर पलीकडचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असे. कोणीतरी बटणं दाबून त्याचे तुकडे वाजवी आणि ऐकणाऱ्याला वाटे, माणूस बोलतो आहे. इतके फोन लावताना कोणी आडनाव पाहत नाही. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतले आजीआजोबा मुलाबाळांकडे राहायला गेले की दुपारी घरी तेच असतात आणि घरचा फोन तेच उचलतात. सैनिकाचं नाव ऐकून फोन खाली ठेवणं त्यांच्याच्याने होत नाही.

मिळतंजुळतं नाव घेण्याचा प्रकार तर फारच पद्धतशीर. १९२० पासून काम करणारी 'डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स' ही अमेरिकेतली मोठी, जुनी संस्था. फ्लोरिडातल्या 'हेल्प द व्हेट्स' नावाच्या संस्थेने 'अमेरिकन डिसेबल्ड व्हेटरन्स फाउंडेशन' असं दुसरं नाव घेतलं. तेच शब्द, क्रम बदललेला. याच संस्थेने सैनिकांची आत्महत्या, स्त्री सैनिकांचा स्तनाचा कर्करोग अशा विषयांवरही वेगळ्या नावांनी पैसे मागितले. देणगीतला जवळपास ९५ टक्के भाग निधी उभारणीवर, कार्यालयावर आणि संस्थापकाच्या पगारावर जात होता, असं व्यापार आयोगाने म्हटलं. जुलै २०१८ मध्ये आयोगाने आणि जवळजवळ सगळ्या राज्यांनी मिळून सैनिकांच्या नावावरच्या फसवणुकीविरुद्ध शंभराहून अधिक कारवाया जाहीर केल्या, त्यात हे प्रकरण होतं. दुसऱ्या एका व्हिएतनाम सैनिक प्रतिष्ठानाने २०१४ मध्ये ८६ लाख डॉलर मिळवले आणि त्यातले दोन टक्केसुद्धा सैनिकांसाठी खर्च केले नाहीत. ते चालवणारा गृहस्थ माजी सैनिकांच्या सरकारी खात्यातच वकील होता.

आणि वस्तुरूप देणगी. ती हिशेबात फार सुंदर दिसते. २०१२ मध्ये 'सीएनएन'च्या बातमीदारांनी अपंग सैनिकांच्या नावाने टपालातून देणग्या मागणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचा माग काढला. अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथे बेघर माजी सैनिकांसाठी एक आश्रयस्थान आहे. या संस्थेने तिथे पाठवलं होतं ते असं: खोकल्याच्या गोळ्यांच्या २,६०० पिशव्या, हात स्वच्छ करायच्या द्रवाच्या २,२०० लहान बाटल्या आणि नारळाच्या स्वादाच्या एम अँड एम चॉकलेटच्या ११,५२० पिशव्या. या मालाची किंमत 'सैनिकांसाठी केलेली मदत' म्हणून मांडली की टक्केवारी एकदम देखणी होते. ज्यांना रात्री निजायला पलंग आणि सकाळी औषध हवं होतं, त्यांच्या दारात चॉकलेटचे खोके उतरले. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी ही संस्था आणि तिची टपाल मोहीम चालवणारी कंपनी यांच्याशी जवळपास अडीच कोटी डॉलरची तडजोड केली.

टँपा आणि बर्मिंगहॅम, दोन्ही ठिकाणी बातमीदारांनी एकच केलं. मागणाऱ्याचे कागद, चिन्हं, फोटो यांत अडकून न राहता ते कागदांमागच्या खऱ्या माणसांच्या दारी जाऊन उभे राहिले. ज्याच्या नावाने मागितलं, तो कुठे आहे? त्याच्या हातात काय आलं?

अमेरिकेत हा प्रश्न विचारायला बातमीदार लागला, याला कारण आहे. १९७३ मध्ये तिथली सक्तीची लष्करभरती संपली आणि आज लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी माणसं प्रत्यक्ष सेवेत आहेत. बहुसंख्य घरांत, गल्लीत, ओळखीत सैनिक नाही. व्हिएतनामहून परतलेल्यांना देशाने नीट वागवलं नाही याची बोच मात्र अजून आहे. बोच आहे आणि माणूस समोर नाही, तेव्हा हात आपोआप खिशाकडे जातो.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत हे खपलं नसतं. पहिल्या महायुद्धापासून घरोघरी फौजी असलेलं ते गाव. अशा गावात, किंवा कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गावांत, कोणाच्या वीरपत्नीला काय मिळालं आणि कोणाचा अर्ज अडकला, हे पारावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असतं. पण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आपणही आता अमेरिकेसारखेच झालो आहोत. आपल्या मोबाईलवर सैनिक येतो तो फोटोतून.

त्या फोटोचा वापर आपल्याकडे कसा होतो ते बऱ्याच जणांनी भोगलं आहे. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर स्वस्तात दुचाकी, विकणारा 'जवान', बदली झाली म्हणून घाईत. तो कँटीन कार्ड आणि ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि गाडी लष्करी वाहतुकीतून येईल म्हणून आगाऊ पैसे मागतो. ओळखपत्र कोणा खऱ्या जवानाचं, चोरलेलं. कोडीने बॉबी थॉम्प्सनचं नाव चोरलं होतं, तसंच हे.

देणगीच्या बाबतीत आपल्याकडचा धोका थोडा वेगळ्या रूपात येतो. हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी संदेश फिरू लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर असाच एक व्हॉट्सॲप संदेश घराघरांत पोचला: लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी आणि जखमी-हुतात्मा जवानांसाठी सरकारने खातं उघडलं आहे, मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, सूचना अक्षयकुमारची आहे, रोज एक रुपया टाका. संरक्षण मंत्रालयाला जाहीर करावं लागलं, की संदेश दिशाभूल करणारा आहे आणि त्यात दिलेला खात्याचा तपशीलही चुकीचा आहे. युद्धात हुतात्मा झालेल्यांच्या व जायबंदींच्या कुटुंबांसाठी निधी खरोखरच आहे, 'सशस्त्र सेना युद्ध हताहत कल्याण निधी' या नावाचा. अक्षयकुमारचा संबंधही पूर्ण काल्पनिक नव्हता: निमलष्करी दलांच्या हुतात्म्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'भारत के वीर' उपक्रमाशी तो जोडलेला होता. खऱ्या गोष्टींचे तुकडे एकत्र शिवून हा संदेश तयार झाला होता आणि म्हणूनच शिकलेल्या लोकांनीही तो पुढे ढकलला. पुढे ढकलणाऱ्याला आपण काहीतरी देशकार्य केल्यासारखं वाटतं. मला त्या भावनेबद्दल आदर आहे. पण ती भावना खऱ्या खात्यापर्यंत पोचायला हवी.

खात्री करणं महाराष्ट्रात तितकंसं अवघड नाही. संस्था स्वतःला विश्वस्त संस्था म्हणवत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तिचा नोंदणी क्रमांक असतो, विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण झालेले हिशेब द्यावे लागतात. तात्पुरती वर्गणी गोळा करायची तरी परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं धर्मादाय कायद्याच्या कलम ४१-क खाली ती घेतात. चौकात गणवेशासारखे कपडे घालून, डबा वाजवत उभ्या असलेल्या माणसाला नोंदणीचा किंवा परवानगीचा क्रमांक विचारण्यात अपमान काहीच नाही. आयकर सवलतीची, म्हणजे ८० जीची, पावती देणाऱ्या संस्थेला देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलतच नाही. तेव्हा मोठी रक्कम रोखीत मागणारा आणि तरीही ८० जीचं आमिष दाखवणारा माणूस एकाच वाक्यात स्वतःला खोटं ठरवतो. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या नातेवाइकांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी: त्यांचा पैसा कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगी आहे. तो घेण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येतो. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर, 'दादा, गावच्या जवानांसाठी आहे' म्हणून, तो मागितला जात असेल तर तिथेच थांबावं.

नोंदणी असली म्हणजे झालं, असंही नाही. कोडीच्या संघटनेकडे नोंदणी होती, करमाफी होती, देखणे कागद होते.

सरकारचा स्वतःचा एक मार्ग मात्र आपल्याकडे आहे. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून चालत आलेला. शाळेत मुलांच्या हातात छोटे ध्वज येतात, जिल्ह्याला संकलनाचा इष्टांक ठरवून दिलेला असतो, सरकारी कर्मचारी पैसे देतात आणि बहुतेक जण पावती खिशात घालून विसरून जातात. या ध्वजदिन निधीतून काय होतं ते फार कमी लोकांना माहीत असतं. पेन्शन नसलेले, पासष्टी ओलांडलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना दरमहा निर्वाह अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते चार हजारांवरून आठ हजार झालं. पेन्शन नसलेले सैनिक कुठून आले, असं शहरात विचारलं जातं. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरी आलेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पलटणी मोडल्यावर रिकाम्या हाताने परत पाठवलेले, त्यांच्या मागे राहिलेल्या बायका, असे हे लोक. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाच्या मुलीच्या लग्नासाठीचं अनुदान त्याच वेळी पन्नास हजारांवरून एक लाख झालं, मुलांच्या शिक्षणाचं महिन्याला एक हजारावरून दोन हजार.

हे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातात आणि बहुतेक जिल्ह्यांत हे कार्यालय आहे. सरकारी कार्यालयाला शोभेल अशा साध्या खोल्या, टेबलावर फायली, बाहेर बाकावर वाट पाहत बसलेले फेट्यातले, टोपीतले म्हातारे आणि पदर सावरून बसलेल्या बाया. कोणी हयातीच्या दाखल्यासाठी आलेलं असतं, कोणाचं नाव लष्कराच्या कागदांत एक आणि आधारवर दुसरं म्हणून अर्ज परत आलेला असतो. ज्याला सैनिकासाठी काही द्यायचं आहे त्याने फोनवरच्या आवाजाला उत्तर देण्याआधी एकदा तिथे जावं. कोणत्या कामाला पैसा कमी पडतो, वसतिगृहात कोणाची मुलं आहेत, जिल्ह्यात कोणत्या खासगी संस्था खरोखर काम करतात आणि कोणाचं नावसुद्धा इथे कोणी ऐकलेलं नाही, हे तिथे विचारता येतं. पैसे नसले तरी त्या बाकावरच्या एखाद्या बाईंचा नावातल्या चुकीमुळे अडकलेला अर्ज मार्गी लावायला मदत करता येते.